जवळून पिवळा, लांबून निळा

नवा फोन घरात आला की त्याचा डिस्प्ले मास्तरांना दाखवायचा, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. ते धरूनच चाललेलं होतं. त्या घरात पडद्यांपासून पायपुसण्यापर्यंत एकही रंगीत वस्तू मास्तरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरची होत नसे.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते कापडगिरणीत डाइंग मास्तर होते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याच्या तुकड्याशी गिरणीत रंगवलेल्या कापडाचा रंग जुळतो की नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं सांगितलं. त्यांनी मान हलवली की माल गाडीत चढायचा आणि नाही हलवली की परत हौदात जायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या शब्दाचं वजन उतरलं नव्हतं. गल्लीत कुणी स्कूटर घेतली तर ती आधी त्यांच्या दारात उभी राहायची. मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणायचे, "लाल आहे, पण रागावलेला लाल नाही. घ्या." घेणारा निर्धास्त व्हायचा, कारण स्कूटर त्याने आधीच घेतलेली असायची.

फोन घेतला होता सुनेने. तिला घरात, गल्लीत आणि दाताच्या डॉक्टरांकडे सगळेच सूनबाई म्हणत. ती दात बनवायची. मागच्या खोलीत तिची लॅब होती: एक लहानशी भट्टी, घासायचं यंत्र, पोर्सेलीनच्या पुडीच्या बाटल्या आणि छटांची एक पट्टी, जिच्यावर सोळा खोटे दात ओळीने बसलेले असत. डॉक्टर दाताच्या छटेचा नंबर लिहून पाठवायचे आणि सोबत फोटो. नंबरावरून दात किती पांढरा, किती पिवळा हे कळे. टोकाला किती काच, म्हणजे किती आरपारपणा आहे आणि मुळाशी किती चहा मुरलाय, हे फोटोवरून कळे. तिच्या जुन्या फोनवर सगळे दात सारखेच दिसायचे, चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखे. म्हणून तिने कंपनीचा सगळ्यात वरचा फोन घेतला.

"मॅडम, फ्लॅगशिप आहे," मोबाइलवाला म्हणाला होता. "शंभर कोटी रंग दाखवतो."

"शंभर कोटी रंग असतात?"

"असतात म्हणून तर दाखवतो."

सोमवारी सकाळी तिने तो मास्तरांच्या हातात दिला. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. बाराच दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्याचं अजून व्हायचं होतं, आणि जवळचा नवा चष्मा महिन्याने मिळणार होता. उजव्या डोळ्याने त्यांना रस्त्यापलीकडच्या पाट्या लख्ख दिसत. हातातलं मात्र डाव्यानेच. कुठला डोळा कधी कामाला लागतो, हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. दोघांनी काम आपापसात वाटून घेतलं होतं आणि मालकाला कळवलं नव्हतं.

"पांढरं काहीतरी दाखव," मास्तर म्हणाले.

तिने कोरं पान उघडून दिलं. मास्तरांनी फोन वीतभर अंतरावर धरला, तिरका केला, सरळ केला.

"पिवळा आहे."

"पिवळा, बाबा?"

"हळदीसारखा नाही. जुन्या वर्तमानपत्रासारखा. पण पिवळा."

सूनबाईने फोन हातात घेऊन बघितला. तिला तो पांढरा दिसला होता. अकरा वर्षं ती सोळा प्रकारचं पांढरं बघत आली होती. पण मास्तरांनी पिवळा म्हटल्यावर तिला तो कडेकडेने पिवळा वाटायला लागला आणि दहा मिनिटांनी मधोमधही. तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात होता. ज्याने शेवटचं वाक्य उच्चारलं त्याचं खरं, असा त्याचा स्वभाव. तो डबा पिशवीत घालता घालता म्हणाला, "हो, मला पण उघडल्या उघडल्या तसंच वाटलं होतं."

दुपारी ती दुकानात गेली. मोबाइलवाल्याने डोळ्यांच्या आरामासाठी पडदा पिवळसर करणारी सोय चालू राहिलीय का ते बघितलं. ती बंद होती. मग त्याने काउंटरवर तसेच आणखी तीन फोन मांडले. "यातला पिवळा कुठला, दाखवा."

तिला दाखवता येईना. "मास्तर म्हणाले," एवढंच ती म्हणाली.

मोबाइलवाल्याचा सूर बदलला. त्याच्या दुकानाची पाटी मास्तरांनी दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा पास केली होती. "मास्तर म्हणाले तर असेल," असं म्हणून त्याने सेटिंगमध्ये रंगाची पट्टी पिवळ्याकडून निळ्याकडे सरकवली. "आता बघा." आता तो तिला सरळसरळ निळसर दिसत होता. पण सकाळी तिला पांढरा दिसलेला फोन पिवळा निघाला होता, तेव्हा आता निळा दिसतोय तो बहुधा पांढरा असेल, असा विचार करून ती घरी आली.

मंगळवारी सकाळी तिने फोन जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ती पोळ्या लाटायला वळली. मास्तर खिडकीपाशी होते, पाच-सहा पावलांवर.

"हा निळा कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच पिवळा म्हणालात ना, बाबा. दुकानदाराने पट्टी सरकवली."

"पिवळा होता म्हणून काय नीळ ओतायची? आण इकडे."

तिने पिठाचे हात पुसून फोन नेऊन दिला. मास्तरांनी तो डोळ्यांजवळ धरला. "पिवळाच आहे," ते शेवटी म्हणाले. "ठेव परत तिथे."

तिने ठेवला.

"निळा."

फोन पाच वेळा टेबलावर गेला आणि पाच वेळा खुर्चीकडे आला. तव्यावरची पोळी करपली. सहाव्या वेळी मास्तर खुर्चीत मागे रेलले. "सूनबाई, हा माल जवळून पिवळा आहे आणि लांबून निळा आहे. एकतीस वर्षांत असा माल मी पाहिला नाही." आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त होतं.

संध्याकाळी मास्तरांचा मुलगा कामावरून घरी आला तेव्हा त्याला चपला काढल्या काढल्या टेबलापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. तो फोनवर नजर लावून उलट्या पावली मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला.

"वाटतो थोडा," तो म्हणाला.

"कुठे बदलतो?" मास्तरांनी विचारलं.

"बदलतो म्हणजे... साधारण फ्रिजच्या समोर."

मास्तरांनी तिथे फरशीवर खडूने एक रेघ मारून घेतली. अलीकडे पिवळा, पलीकडे निळा.

बुधवारी मास्तर स्वतः काळा चष्मा लावून दुकानात गेले. मागे सूनबाई. मोबाइलवाल्याने नवं खोकं फोडलं. तो फोनही जवळून पिवळा आणि लांबून निळा निघाला. तिसराही तसाच. मास्तर पायरी उतरून रस्त्यावर उभे राहून बघत होते आणि मधूनमधून काउंटरशी येऊन बघत होते. जाणारे-येणारे थांबायला लागले.

"सगळा लॉटच तसा आहे," मास्तरांनी निकाल दिला.

शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाल्याने हाच फोन गेल्या आठवड्यात घेतला होता आणि दिवसातून चार गिऱ्हाइकांना तो त्याचं कौतुक ऐकवत होता. तो आपलं गिऱ्हाईक डोळ्यांच्या तपासणीच्या खुर्चीत तसंच सोडून बाहेर आला. त्याने स्वतःचा फोन काउंटरवर उभा केला, एक डोळा बारीक केला आणि मागे मागे जात रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचला. तिकडून तो हळूहळू परत आला.

"खरंच की हो," तो म्हणाला. "माझा धंदाच नजरेचा. मला आधी कसं दिसलं नाही, याचंच नवल वाटतं."

त्याला दिसलं म्हटल्यावर पलीकडच्या शिंप्यालाही दिसलं. त्याने तर फोन घेतलाही नव्हता. संध्याकाळपर्यंत तीन फोन परत आले. त्यांतला एक चष्मेवाल्याचा. मोबाइलवाल्याने कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. कंपनीचं उत्तर तासाभरात आलं: फोन बंद करून पुन्हा चालू करा. त्याने दुकानातले सगळे फोन बंद करून पुन्हा चालू केले.

सूनबाईला या सगळ्यात एकच काळजी होती. तिच्या टेबलावर एक दात होता.

तो दात गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा होता. खडूंच्या खोक्याची प्लास्टिकची पट्टी त्यांनी दातांनी तोडायला घेतली होती, आणि अठ्ठावीस वर्षं मुलांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच करताना त्यांचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. शनिवारी शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्या दिवशी बाईंचा जो फोटो निघणार होता तो कचेरीत आधीच्या चार मुख्याध्यापकांच्या ओळीत लागणार होता आणि भिंत उभी आहे तोवर तिथेच राहणार होता. दाताच्या डॉक्टरांनी छटेचा नंबर लिहून पाठवला होता: तीन. फोटोही आला होता.

गुरुवारी कॅप तयार झाली. सूनबाईने ती पट्टीवरच्या तीन नंबरच्या दाताशेजारी धरली. जुळत होती. मग फोनवर बाईंचा फोटो उघडून त्याशेजारी धरली. फोटोतले दात निळसर पांढरे आणि कॅप त्यापुढे मळकी. आता फोनचं खरं मानायचं की पट्टीचं? चार दिवसांपूर्वी तिने क्षणभरही विचार केला नसता. पण चार दिवसांत तिने पांढऱ्याला पिवळा आणि निळ्याला पांढरा म्हटलं होतं, आणि रंग बघून पोट भरणाऱ्या बाईचं त्यात काहीतरी आतून निसटलं होतं. सोळा दात तिच्याकडे बघत होते आणि तिला सोळाही सारखेच दिसत होते.

ती कॅप तळहातावर घेऊन बाहेर आली. "बाबा, एवढं बघता का?"

मास्तरांना मनापासून आनंद झाला. त्यांनी फोन टेबलावर ठेवायला लावला, फोटो मोठा करायला लावला. मग कॅप चिमटीत धरून डोळ्यांशी नेली, आणि मान वर करून टेबलाकडे बघितलं. असं तीनदा केलं.

"कॅप पिवळी आहे. बाईंचे दात बघ किती पांढरे आहेत."

"पण डॉक्टरांनी तीन नंबर लिहिलाय."

"त्यांनी कुठल्या दिव्याखाली बघितला, आपल्याला काय माहीत? दोन नंबरांनी वर घे, पांढऱ्याकडे."

तिने कॅप नव्याने केली आणि एक नंबरवर आणली. भट्टीतून काढताना ती तिला बर्फासारखी दिसली. तिने ते मनावर घेतलं नाही. तिला हल्ली काहीही दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी कॅप तात्पुरत्या सिमेंटने बसवली. बाहेर नऊ रुग्ण ताटकळत होते. "दोन दिवसांत नजरेला सवय होईल," ते म्हणाले. बाई शाळेत गेल्या. पाचवीच्या वर्गात त्यांनी हजेरी घेतली तेव्हा एरवी खाली माना घालणारी मुलं पहिल्यांदाच त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तोंडाकडे. बाईंनी हजेरीपट मिटला, कचेरीतल्या आरशात बघितलं, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर त्या छत्री घेऊन निघाल्या.

घराचं दार उघडंच होतं. आत मोबाइलवाला खडूच्या रेघेवर उभा होता. त्याच्या हातात दुसऱ्या शहरातून मागवलेला नव्या लॉटचा फोन होता. मास्तर त्याला एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे करत होते. मुलगा जेवायला आलेला होता. बाई आत आल्या तसा तो ताटावरून उठून उभा राहिला. त्यांनी त्याला सातवीत विज्ञान शिकवलं होतं.

"बस," बाई म्हणाल्या. "हा दात कुणी केला?"

"मी," सूनबाई पुढे आली. तिची दातावर नजर पडली. बाकीच्या दातांच्या ओळीत तो एकटा दात असा दिसत होता, जसा अंधाऱ्या घरात कुणीतरी एकाच खोलीतला दिवा लावून ठेवावा.

"डॉक्टरांनी नंबर किती लिहिला होता?"

"तीन."

"आणि हा किती आहे?"

"एक."

"का?"

तिने मास्तरांकडे बघितलं नाही, पण न बघणंही सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मी सांगितलं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही दातांतले?"

"रंगातला."

"बरं. मग सांगा, हा दात कसा दिसतो?" बाईंनी दारातूनच ओठ वर केला.

मास्तरांनी बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "पांढरा," ते म्हणाले. "जरुरीपेक्षा बराच."

"काल कसा होता?"

"काल ही कॅप... काल पहिली कॅप पिवळी होती. म्हणून तर. मग दुसरी केली ती मी हातात घेऊन बघितली. तेव्हा तीही थोडी पिवळीच होती. म्हटलं ठीक आहे."

"हातात पिवळी आणि तोंडात पांढरी?"

"हल्ली मालच तसा येतोय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोनची हकिकत सांगितली. जवळून पिवळा, लांबून निळा. मोबाइलवाल्याने मान डोलावली. मुलानेही डोलावली.

बाई खुर्चीत बसल्या. छत्री मांडीवर आडवी ठेवली. "मास्तर, तुमच्या डोळ्याचं काही झालंय का?"

"उजव्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू. पंधरा-सोळा दिवस झाले. आता रस्त्यापलीकडचं वाचता येतं."

"डावा?"

"पुढच्या महिन्यात."

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. शाळेत हा श्वास ऐकू आला की मागच्या बाकापर्यंत शांतता होत असे. "तो फोन त्या रेघेवर धर," त्या मोबाइलवाल्याला म्हणाल्या. "हलवू नकोस. मास्तर, एका हाताने उजवा डोळा झाका. काय दिसतं?"

"पिवळा."

"आता डावा झाका."

मास्तरांनी हात बदलला. "निळा."

"फोन हलला का?"

"नाही."

"पुन्हा करा."

मास्तरांनी पुन्हा केलं. मग पुन्हा. एक हात खाली येत होता, दुसरा वर जात होता, संथपणे, एखाद्या जुन्या यंत्रासारखा. मुलानेही हळूच स्वतःचा एक डोळा झाकून बघितला. "मलाही थोडा..." त्याने सुरुवात केली.

"तू जेव," बाई म्हणाल्या. तो जेवायला लागला.

"मोतीबिंदू पिवळा असतो," बाईंनी सांगितलं. "वर्षानुवर्षं हळूहळू पिकत जातो, म्हणून कळत नाही. मी गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं करून घेतलं. पहिल्यानंतर महिनाभर मला माझी शाळा दोन रंगांची दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असेल," मास्तर म्हणाले. "मी तेव्हा त्यांच्या दवाखान्यातले पडदे बघत होतो. त्यांचा हिरवा चुकलाय, असं मी त्यांना सांगितलं होतं."

ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. सूनबाई मागोमाग दाराशी गेली. मास्तर कपाटापासून चार पावलं मागे उभे होते, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून. कपाटात त्यांचे सात पांढरे सदरे टांगलेले होते. सासूबाई गेल्यापासून मास्तर आपले कपडे आपणच धुवायचे, आपणच नीळ घालायचे.

"सूनबाई, हे सदरे निळे आहेत."

"हो, बाबा."

"सगळे?"

"तो डावीकडचा जरा कमी आहे."

"कधीपासून?"

तिने मनात हिशेब केला. "सहा-सात वर्षं झाली असतील. आधी थोडेच होते."

"म्हणजे मला पिवळे दिसायचे म्हणून मी नीळ वाढवत गेलो." ते थांबले. "आणि कुणी बोललं नाही?"

"कोण बोलणार, बाबा? तुम्ही मास्तर. आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडतात तसे."

मास्तरांनी हात खाली घेतला. त्यांच्या मनात सदऱ्यांपेक्षा भलतंच चाललं होतं. गिरणीतली शेवटची दोन-तीन वर्षं, त्या वर्षांत परत हौदात गेलेला माल, आणि मान खाली घालून तो परत नेणारी माणसं. त्यांनी कपाटाचं दार अगदी हलकेच लावलं.

बाहेर बाई घड्याळ बघत होत्या. "उद्या साडेनऊला कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "होईल?"

"होईल," सूनबाई म्हणाली. होईल की नाही हे तिला माहीत नव्हतं.

तिने बाईंना मागच्या खोलीत खिडकीपाशी बसवलं. फोन मुद्दाम बाहेर ठेवला. पट्टीवरचा तीन नंबरचा दात काढून बाईंच्या शेजारच्या दाताशी धरला. मग तिला दिसलं. तीन नंबरच, पण मुळाशी किंचित जास्त पिवळा आणि टोकाला दोन्ही कोपऱ्यांत राखाडी काच. तिने तेवढ्यावर न थांबता डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. तेच दिसलं. तेव्हा तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं.

बाई गेल्यावर तिने कामाला सुरुवात केली. पहिला थर भट्टीत असताना दाराशी पावलं वाजली. मास्तर आत आले नाहीत, उंबऱ्यावरच उभे राहिले.

"मी बघू का? उजव्याने बघतो. लांबून."

लग्नानंतरच्या बारा वर्षांत तिने त्यांना कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. तिने हातातला ब्रश पुसला.

"आत्ता नको, बाबा."

"बरं," मास्तर म्हणाले. ते जायला वळले. मग म्हणाले, "चहा ठेवू का?"

"ठेवा."

मास्तरांनी चहा केला. दूध जास्त पडलं होतं. रंगाचा अंदाज चुकला असावा. ती काही बोलली नाही. मग तिला सदरे आठवले आणि ती म्हणाली, "बाबा, दूध जास्त झालंय."

"हो का?" मास्तर म्हणाले. "बरं झालं सांगितलंस."

शनिवारी सकाळी आठ वाजता डॉक्टरांनी नवी कॅप बसवली. बाईंनी आरशात बघितलं, डावीकडून, उजवीकडून, आणि विचारलं, "कुठला बसवला?" दात बनवणाऱ्याला याहून मोठी पावती मिळत नाही. साडेनऊला कार्यक्रम झाला, फोटो निघाला. फोटोत बाईंनी ओठ घट्ट मिटलेले आहेत. आधीचे चारही मुख्याध्यापक हसत नव्हते; बाईंनाही हसणं शोभलं नसतं.

राहिला मोबाइलवाला. त्याच्याकडे परत आलेले तीन फोन पडले होते आणि चौथं गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकत नव्हतं. म्हणून रविवारी मास्तर सुनेला घेऊन तिकडे गेले. आपली चूक आपण चारचौघांत केली, तेव्हा ती चारचौघांतच परत घ्यायची, एवढं त्यांचं सरळ होतं. चष्मेवाला आला, शिंपी आला, आणखी पाच-सहा जण जमले.

"फोनमध्ये काही दोष नाही," मास्तरांनी सांगितलं. "दोष माझ्या डोळ्यात होता. डाव्यात मोतीबिंदू आहे. त्याने पिवळं दिसतं. उजवा नवा आहे. त्याने स्वच्छ दिसतं, म्हणून मला ते निळं वाटलं. फोन चांगला आहे."

मोबाइलवाल्याने सगळ्यांकडे आशेने बघितलं.

"मास्तर, तुमचा मान राखून सांगतो," चष्मेवाला म्हणाला, "पण मी स्वतः बघितलाय. जवळून पिवळा, लांबून निळा. माझ्या दोन्ही डोळ्यांना काही झालेलं नाही."

"मीही बघितलाय," शिंपी म्हणाला.

"तुम्हाला मी सांगितलं म्हणून दिसला."

"म्हणजे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला दिसत नव्हता, एवढंच. होताच तो." चष्मेवाल्याने आवाज खाली आणला. "ऑपरेशननंतर असं होतं, मास्तर. नजर नवी असते, तिला अजून अनुभव नसतो. तुम्ही आधी बघितलं तेच खरं."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं की कंपनीचा माणूस शुक्रवारी मास्तरांच्या घरी आला होता म्हणे, नवा फोन घेऊन. मोबाइलवाल्याने तो माणूस आपणच होतो असं सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही.

"मग एकदाच शेवटचं सांगा," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने फोन मास्तरांपुढे धरला. "कसा आहे डिस्प्ले?"

मास्तरांनी हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. "मला विचारू नका," ते म्हणाले. "सूनबाईला विचारा. तिला रंग कळतात."

सगळे तिच्याकडे वळले. तिने फोन घेतला. मागे-पुढे झाली नाही, तिरका केला नाही, जागेवरूनच नीट बघितला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पांढरं पांढरं दिसतं."

"आणखी?"

"आणखी काही नाही. लाल लाल दिसतं."

चष्मेवाला थोडा वेळ थांबला. पुढे काही येईल अशी त्याची अपेक्षा होती. काही आलं नाही. "एवढं तर कुणीही सांगेल," तो मोबाइलवाल्याला म्हणाला. "मला दुसऱ्या कंपनीचा दाखव." मग त्याने मास्तरांना बाजूला घेतलं.

"डाव्या डोळ्याचं कधी आहे म्हणालात?"

"पुढच्या महिन्यात. अठरा तारखेला."

"मग मी त्याच्या आत नवा फोन घेऊन टाकतो," चष्मेवाला म्हणाला. "सतराला संध्याकाळी दाखवायला आणतो. डाव्यानेच बघा."